पुढच्या उजव्या चाकाचा मान

यशवंत उतेकर यांच्यावर अन्याय झाला. गेल्या वर्षी, गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीच्या देवळात, आरती संपल्यावर आणि चहा येण्याआधी झाला. वाडीच्या जीपची किल्ली भरसभेत त्यांच्या हातातून काढून घेतली. त्यांचा गुन्हा असा की जीप सरळ चालायला लागली होती.

हे शेवटचं वाक्य छपाईची चूक नाही. ते तसंच आहे.

या अंकाच्या संपादकांनी मला फोनवर सांगितलं होतं, "ताई, बाईनं गॅरेजमध्ये काम करायचं म्हणजे कुतूहलाचा विषय. गमतीजमती लिहा. हलकंफुलकं होऊ द्या." मी हो म्हटलं. पण मला हलकंफुलकं लिहिता येत नाही, पत्रक लिहिता येतं. महाडमध्ये वाढलेल्या मुलीला ते वेगळं शिकवावं लागत नाही. शिवाय असले अनुभव लोक निवृत्त झाल्यावर लिहितात म्हणे. मला अजून पुष्कळ वर्षं काम करायचंय, आणि मी निवृत्त होईपर्यंत ती जीप दरीबाहेर राहील याची मला खात्री नाही. म्हणून आत्ताच.

आयटीआयमधून बाहेर पडल्यापासून मी महाडला, महामार्गाला लागून असलेल्या हमीदभाईंच्या गॅरेजमध्ये काम करते. आमचं काम इंजिनाचं नाही. इंजिनवाले मिस्त्री स्वतःला हृदयाचे डॉक्टर समजतात. आम्ही गुडघ्यांचे. गाडी आणि रस्ता यांच्या मधे जे जे असतं ते आमचं: स्प्रिंग, शॉकअप, रबरी बुश, टायर. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर एवढंच. स्प्रिंग गाडीला उचलून धरतं. पण त्याला एकदा दाबलं की ते नाचतच राहतं. शॉकअप त्याला आवरतं. आणि रस्त्याला चिकटलेला असतो फक्त टायर, तोही तळहाताएवढा. बाकी तुमची गाडी, तिचे पडदे, तिचं संगीत, तिच्यातला देव आणि तिच्यातली बायकामुलं, सगळं त्या चार तळहातांवर असतं.

गिऱ्हाइकाला हे सांगितलं की तो मान हलवतो आणि विचारतो, "पण दिसेल कशी?"

बिरवाडीला खोली घेऊन राहणारा एक कामगार होता. रसायनाच्या कारखान्यात पाळी करायचा. पहिलीच गाडी, जुनी पण हौसेची. त्यानं कुठेतरी बघितलं की गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसली पाहिजे, आणि कुणाकडून तरी स्प्रिंगांचे वेढेच कापून घेतले. गाडी बसली खरी, पण अशी बसली की त्याच्याच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर पोट घासायला लागली. मग नियम झाला. गतिरोधक आला की सासूबाईंनी उतरायचं, चालत पलीकडे जायचं आणि पुन्हा बसायचं. सासूबाईच एके दिवशी त्याला घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "माझ्या लेकीला गाडीवाला जावय मिळाला असं सांगते मी सगल्यांना. निम्मी बिरवाडी मला गाडीमागनं चालताना बघते." आम्ही मूळच्या मापाचे स्प्रिंग बसवले. जावई उदास झाला. सासूबाई जाताना आत बसून गेल्या, गतिरोधकावरूनसुद्धा, काच खाली करून.

दुसरे एक निवृत्त गुरुजी. त्यांना गाडी इतकी मऊ हवी होती की हातातला चहा हलता कामा नये. हमीदभाईंनी समजावलं की आराम आणि ताबा एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत आणि सख्ख्या भावांसारखेच वागतात. एकाला जास्त दिलं की ते दुसऱ्यातून कापलं जातं. गुरुजी ऐकेनात. मऊ करून दिली. आंबेनळी घाटाची वळणं चढून ते सहकुटुंब महाबळेश्वरला गेले आणि आल्या आल्या म्हणाले, "जरा कडक करा." गाडी प्रत्येक वळणावर होडीसारखी कलली होती. चहा हलला नव्हता, पण घेतलेला सगळा बाहेर आला होता.

आणि शिमग्याला मुंबईहून येणारे ते एक शेठ. रिम परातीएवढी, त्यावर टायर पापडाएवढा. टायरची उंची कमी केली की खड्ड्याचा दणका सरळ रिमवर बसतो, हे त्यांना विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. महाडपर्यंत येईस्तोवर रिमा वाकल्या. आमच्या दारात उतरून ते ओरडले, "काय तुमच्याकडचे रस्ते!"

हमीदभाई पाना पुसत म्हणाले, "शेठ, हा रस्ता तुमच्याकडनंच सुरू होतो."

गमतीजमती इथे संपल्या. आता जीप.

आंबेनळीच्या वाटेनं थोडं वर गेलं की एक कच्चा-पक्का रस्ता डोंगरात फुटतो. त्याच्या शेवटी ती वाडी आहे. नाव देत नाही, कारण नाव दिलं की बाकीच्या वाड्या सुटतात. घरटी एक-दोन माणसं मुंबईला आणि त्यांचं तिथे मंडळ. वाडीत काय व्हायचं ते मंडळ ठरवतं आणि वाडी त्यात राहते. मंडळानं एक चांगलं काम केलं होतं, ते मी नाकारणार नाही: जुनी जीप घेऊन वाडीला दिली. एसटी खालच्या रस्त्यापर्यंतच येते. आजारी माणूस, बाळंतीण, दहावीची पोरं, सगळ्यांना खाली आणायला जीप. रखमाआक्का म्हणून एक म्हातारी आहेत, त्यांना आठवड्यातून दोनदा महाडला यंत्रावर रक्त शुद्ध करायला जावं लागतं. त्यांच्यासाठी ती जीप म्हणजे औषधच. आणि यशवंतदादा तिचे ड्रायव्हर. माळकरी माणूस. दारू तर सोडाच, कांदासुद्धा एकादशीला नाही.

वापरून वापरून जीप खिळखिळी झाली तेव्हा यशवंतदादा तिला आमच्याकडे घेऊन आले. मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांचे स्प्रिंग, थकले होते, बुश कुजले होते, शॉकअप नुसते नावाला लटकत होते, टायर गुळगुळीत. हमीदभाईंनी काय काय लागेल ते सांगितलं. दादांनी मंडळाला कळवलं.

मंडळाची सभा मुंबईत झाली. दादांना फोनवर कळलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं. बुशसाठी कोणी पुढे आलं नाही. बुशवर नाव कुठे लिहिणार? शॉकअपला एक दाते मिळाले, वडिलांच्या स्मरणार्थ. त्यांच्या सांगण्यावरून प्रत्येक शॉकअपवर पिवळ्या ऑइलपेंटनं नाव घातलं. पहिल्याच पावसात वडील चिखलात गेले. मग दर वेळी निरोप यायचा की गाडीची वरची बाजू नाही धुतली तरी चालेल, खालून धुवा. बुश शेवटी हमीदभाईंनी गुपचूप आपल्याकडचे घातले. ते कोणाच्याही स्मरणार्थ नाहीत आणि अजून टिकून आहेत.

टायरांवर मात्र झुंबड उडाली. टायर दिसतो! वाडीत भावक्या चार: थोरली, मधली, धाकटी, आणि चौथी, जिला सगळे 'मागून आलेली' म्हणतात. ही मंडळी मागून आली त्याला किती पिढ्या झाल्या ते कोणाला आठवत नाही, पण मागून आली हे सगळ्यांना आठवतं. पालखीला पुढचा उजवा खांदा थोरल्यांचा, पुढचा डावा मधल्यांचा, मागचा उजवा धाकट्यांचा, उरलेला चौथ्यांचा. मंडळानं कोणाचाही विरोध नसताना ठराव केला: पालखीप्रमाणे जीप. प्रत्येक भावकीनं आपापला टायर द्यावा, त्यावर पांढऱ्या रंगात नाव घालावं आणि आपापल्या जागी लावावा.

आणि पाचवा टायर? स्टेपनी?

तो बौद्धवाडीकडे मागितला. बौद्धवाडी त्याच वाडीची, ओढ्याच्या अलीकडची. जीपमध्ये तेही बसतात, भाडंही देतात. "सगळ्यांना सामावून घेतलंय," मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांनी फोनवर दादांना अभिमानानं सांगितलं. म्हणजे रस्त्याला लागायचं नाही, मिरवायचं नाही, मागे लटकायचं. आणि कोणाचं पंक्चर झालं की पहिली हाक यांना. मी इतकी पत्रकं लिहिली, पण इतकं नेमकं वाक्य मला कधी सुचलं नाही. भाऊंना सहज सुचलं.

मीही बौद्धवाडीतलीच आहे, दुसऱ्या गावाच्या. हे सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी शोधून काढल्याचा आव आणायला नको.

टायर आले. थोरल्यांनी मुंबईहून रानातल्या रस्त्यांचा, जाडजूड गाठींचा, रुंद टायर पाठवला. सगळ्यांत मोठा, कारण थोरले. मधल्यांनी गुळगुळीत रस्त्याचा, अंगानं बारीक आणि उंचीलाही कमी. धाकट्यांनी रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला; बाहेरून नवरदेव, आतून पेन्शनर. 'मागून आलेल्यां'चा एक जण आणि बौद्धवाडीचा एक जण मात्र वेगवेगळ्या दिवशी आमच्याच गॅरेजमध्ये आले आणि दोघांनीही एकच प्रश्न विचारला, "ह्या जीपला कंचा बसतो?" म्हणून दोघांना एकच टायर मिळाला: योग्य तो.

मी दादांना म्हटलं, "हे असं लावता येत नाही."

दादा म्हणाले, "मलाही कलतं गो. पण ठराव हाय."

लावले. हमीदभाईंनी स्पष्ट सांगितलं की हळू चालवा आणि मंडळाला कळवा. आता बघा, एका पायात गमबूट आणि दुसऱ्या पायात स्लीपर घालून तुम्ही उतारावर धावा. लहान चाकाकडे गाडी ओढते. ओल्या डांबरावर ब्रेक लावला की मधल्यांचा रस्त्याचा टायर पकडतो, थोरल्यांचा गाठींचा घसरतो, आणि पकडणाऱ्याच्या बाजूला तोंड फिरतं. आमचं यंत्र चाकांचे कोन बिनचूक असल्याचं दाखवत होतं. यंत्राला कोन दिसतात. भावकी दिसत नाही.

जीप डावीकडे ओढायला लागली. दादा स्टिअरिंग सतत उजवीकडे धरून चालवायचे. लांबून बघणाऱ्याला गाडी झोकांड्या खाताना दिसायची, आणि झोकांड्यांचं आमच्याकडे एकच कारण असतं. "यशवंता घ्यायला लागला वाटतं." मग एकदा भर पावसात म्हैस आडवी आली, दादांनी ब्रेक लावला, जीप डावीकडे फिरून गटाराच्या कडेला थांबली आणि रखमाआक्कांचं कपाळ पुढच्या दांड्यावर आपटलं. गटाराच्या जागी तिथे दरी असती तर हा लेख वेगळ्या विभागात छापला असता.

दादा तिथून थेट आमच्याकडे आले. "मी पित नाय गो," ते म्हणाले. मी विचारलंही नव्हतं.

आमच्या धंद्यात याची एक सोपी परीक्षा आहे. पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावायचे आणि गाडी चालवून बघायची. ओढ तशीच राहिली तर दोष गाडीचा. ओढीनं बाजू बदलली तर दोष टायरचा. ड्रायव्हर दोन्ही वेळा तोच, म्हणून ड्रायव्हरचाही निकाल लागतो. मी टायर बदलले, शेजारी बसले, दादांनी जीप काढली. उजवीकडे ओढली.

मग मी आणि हमीदभाईंनी त्या वेळी जे शक्य होतं ते केलं. एकसारखे टायर दोनच होते, ते पुढे घातले. मोठा आणि बारीक हे दोन मागे टाकले आणि रिमोल्ड स्टेपनीला लटकवला. मागची जोडीही वाईटच होती, हे मी दादांना सांगितलं. अजून तीन टायर त्याच मापाचे हवेत, हेही. पण निदान स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक एकमतानं चालले की माणूस घाट जिवंत उतरतो. जीप सुतासारखी सरळ गेली. दुसऱ्या खेपेला आक्का कपाळावर पट्टी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आज पोटातलं पानी हललं नाय गो बाय."

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. पुढे उजवीकडे, थोरल्यांच्या मानाच्या जागी, बौद्धवाडीचा टायर होता. धाकटी भावकी मागे लटकत होती.

गौरी-गणपतीला मुंबई वाडीत उतरली. कोणीतरी टायरावरची पांढऱ्या रंगातली नावं वाचली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सभा लागली तेव्हा दादांनी मला फोन केला आणि मी स्कूटर काढून गेले.

भाऊ मुंबईत कुठल्याशा कार्यालयात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत. बोलणं गोड. "विषय टायरचा नाही," ते म्हणाले, "विषय परंपरेचा आहे. जागा बदलण्यापूर्वी मंडळाची परवानगी घेतली होती का?"

"गाडी वडत व्हती भाऊ," दादा म्हणाले.

"आधी कधी नाय वडली ती?" धाकट्यांचा एक जण मागून ओरडला. "आमचा टायर लागल्यावरच बरी वडली! आनि आता आमाला मागं टांगलाय, फासावर दिल्यागत!"

मी उभी राहिले. "टायर मी बदलले. दादांनी नाही. का बदलले ते सांगते."

भाऊ हात जोडून म्हणाले, "ताई, तुम्ही पाहुण्या. तुम्ही बसा, चहा येतोय."

"मला चहा नको. मला प्रश्न विचारा."

कोणी विचारला नाही. तरी मी सांगितलं, गमबूट आणि स्लीपरसकट. लोकांनी ऐकलंही. मधल्यांच्या एका म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि म्हटलं, "पोरगी बराबर बोलते. थोरल्यांचा टायर खराब हाय." थोरले म्हणाले मधल्यांचा बारका आहे. धाकटे म्हणाले दोघांचेही. म्हणजे टायर जुळत नाहीत हे पूर्ण सभेला पटलं. फक्त प्रत्येकाला बाकीच्यांबद्दल पटलं. बौद्धवाडीचा टायर पुढे का नको, हे मात्र कोणीच बोललं नाही. शब्दसुद्धा नाही. त्या सभेत तो शब्द सोडून बाकी सगळं बोलून झालं.

आक्का बायकांमधून उठल्या. "आरं, कपाल माजं फुटलं. मी सांगते ना, त्येचा दोस नाय."

"आक्के, तू बस गो," कोणीतरी म्हणालं. आक्का बसल्या नाहीत, पण सभा पुढे सरकली.

अडचण साधी होती. ड्रायव्हर निर्दोष ठरला तर दाते दोषी ठरतात. आणि चार दाते बदलण्यापेक्षा एक ड्रायव्हर बदलणं सोपं. भाऊंनी सोपा मार्ग काढला: "यशवंताच्या सवयींबद्दल कुजबुज आहे. मी खोलात जात नाही." न जाता त्यांनी ती कुजबुज सभेच्या मधोमध आणून ठेवली आणि हात पुढे केला. दादांनी किल्ली दिली. मग चहा आला.

टायर त्याच दुपारी आपापल्या मानाच्या जागी गेले. नारळ फोडून.

मी पत्रक काढलं, 'चार भावक्या, चार टायर, एक दरी'. पोलादपूरच्या स्टँडवर वाटलं. त्याचा परिणाम झाला, नाही म्हणू नका: पत्रकात मोठ्या आणि छोट्या टायराची तुलना वाचून मधल्यांनी आपला बारका टायर काढला आणि थोरल्यांपेक्षाही मोठा आणून लावला. आता जीप उजवीकडे ओढते.

चालवणारं मात्र कोणी नाही. भाऊंचा भाचा सुट्टीला आला की चालवतो. एरवी ती ताडपत्रीखाली उभी असते. रखमाआक्कांना खुर्चीत बसवून चौघं जण खालच्या रस्त्यापर्यंत आणतात, मग एसटी. आणताना खांद्यांची जागा कशी ठरते ते मी विचारलेलं नाही. उत्तराची भीती वाटते. मागच्या पावसात त्यांच्या दोन खेपा चुकल्या.

यशवंतदादा आता महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांच्या बसवर बदली ड्रायव्हर आहेत. बसचे टायर बघायला ते ती आमच्याकडेच आणतात. मध्ये मी त्यांना म्हटलं, मी अंकात लिहिणार आहे, काय मागू? किल्ली परत मागू?

त्यांनी बसच्या चाकाचा एक नट हातानं चाचपून पाहिला. "किल्ली नको गो," म्हणाले. "दारूचं तेवढं मागं घ्या म्हनावं. पोरीला बघायला मानसं येनार हायत."

एवढंच मागितलं त्यांनी. मी त्यांच्याइतकी सभ्य नाही, म्हणून मी सगळं मागते, आणि तुमच्याकडे मागते. हा अंक मुंबई, ठाणे, पनवेलला जातो. वाचणाऱ्यांपैकी निम्मे तरी कुठल्या ना कुठल्या वाडीच्या मंडळाचे सभासद आहात, आणि काही जण त्या सकाळी त्या देवळात माझ्यासमोर मांडी घालून बसला होतात. मला तुमची पत्रं नकोत, लेख आवडल्याचा फोन तर अजिबात नको. मंडळाच्या पुढच्या सभेत उभे राहा. भाऊ चहाचं नाव काढतील, बसू नका. यशवंत उतेकर पीत नव्हते आणि पीत नाहीत, हे मोठ्यानं म्हणा, आणि तसा ठराव करून देवळाच्या फळ्यावर लावा, पाहुणे येण्याआधी. मग पाच टायर घ्या, एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, बिननावाचे. आणि किल्ली त्यांना नको असली तरी घरी जाऊन द्या. दोन्ही हातांनी.